काटा हलला नाही

माझ्या धाकट्या बहिणीवर अन्याय झाला. १९६४ सालच्या दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, बेंगळूरच्या एका इस्पितळाच्या तळमजल्यावर. ती तेव्हा आठ वर्षांची होती. अन्याय करणारे चौघे होते : एक डॉक्टर, यंत्र चालवणारे एक गृहस्थ, माझे वडील आणि मी. आई बाहेर बाकावर बसली होती, म्हणून तिला मी या यादीतून वगळते.

पत्रक लिहिताना आम्ही अशीच सुरुवात करतो. कोणावर, कधी, कुठे, कोणी. गेली दोन वर्षं मी कॉलेजातल्या तीन-चार मुलींबरोबर पत्रकं लिहिते आहे. वसतिगृहाच्या पाण्याबद्दल लिहिलं, बसच्या फेऱ्यांबद्दल लिहिलं, बाहेरगावच्या रोग्यांच्या माणसांना इस्पितळात पाठ टेकायला जागा नाही त्याबद्दल लिहिलं. पत्रकाला एक पान असतं. हे एका पानात बसत नाही. तीनदा बसवून पाहिलं.

आमचं घर कारखान्याच्या वसाहतीत होतं, अजून आहे. वडील सांगलीकडचे. सरकारी कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासण्याच्या विभागात त्यांना नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. बहिणीचा तर जन्मच इथला. घरात मराठी, फाटकाबाहेर कन्नड, शाळेत इंग्रजी. बहीण मला ताई म्हणत नसे. शेजारच्या मुलांचं ऐकून ती मला अक्का म्हणायची, आणि आईने कितीदा सांगूनही तिने ते सोडलं नाही.

वडिलांचा एक नियम होता. घरात कसलाही वाद झाला की ते म्हणायचे, “थांबा, मीटरला विचारू.” दूध पातळ आहे असं आई म्हणाली की बरणीत काचेची नळी तरंगायची. दूधवाल्याने एकदा वडिलांना विचारलंसुद्धा, “साहेब, गाय माझी, नळी तुमची. कुणाचं खरं धरायचं?” वडिलांनी त्याला नळी कशी काम करते ते अर्धा तास समजावलं. तो बिचारा “सरी सरी”, म्हणजे बरं बरं, म्हणत मान हलवत राहिला आणि बाकीच्या घरांना त्या दिवशी दूध उशिरा मिळालं.

आजारपणालाही हाच नियम. अंग दुखतंय, शाळेत जात नाही, असं म्हटलं की आधी थर्मामीटर. पारा वर असला तर अंथरूण, नसला तर दप्तर. आई म्हणायची, “तुमच्या घरात आजारी पडायलासुद्धा परवानगी काढावी लागते.” आम्ही हसायचो. मला हा नियम आवडायचा, हे मी लपवत नाही. त्यात लाड नव्हते तसा अन्यायही नव्हता. मोठ्याचं खरं, धाकट्याचं खोटं असं आमच्या घरी नव्हतं. जो आकडा येईल तो सगळ्यांना सारखा.

निदान मी तसं समजत होते.

बहिणीला सकाळी उठल्या उठल्या उलट्या होऊ लागल्या तेव्हा ताप नव्हता. दोन आठवडे ती दप्तर घेऊन शाळेत गेली. मग एका संध्याकाळी ती अंगणातून चालत येताना एका बाजूला अशी कलत आली की शेजारच्या अक्कांनी कुंपणावरून हाक मारली, “अगं, ही पोर बघ, होडीत बसल्यासारखी चालतेय.” डोक्याच्या मागच्या बाजूला गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. काढता आली तेवढी काढली, उरलीसुरली जाळायला लाइट द्यावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. लाइट हा बाकावरच्या लोकांचा शब्द. कुणी करंट म्हणायचं. वडील मात्र कोबाल्टचे किरण असंच म्हणायचे, घरातही, आईशी बोलतानाही.

लाइट घ्यायला रोज जायचं, रविवार सोडून. वडिलांना रोज रजा मिळणं शक्य नव्हतं. आईला कन्नड स्वल्प येई, म्हणजे भाजी घेण्यापुरतं. इंग्रजी मुळीच नाही. म्हणून माझी शाळा बुडवून मी जायचे. मी पंधरा वर्षांची होते. डॉक्टर काय म्हणाले ते आईला सांगायचं, आई काय विचारते ते डॉक्टरांना. मधलं जे सांगण्यासारखं नसे ते माझ्यापाशी राहायचं. त्या दिवसांत माझ्याशी सगळेच बोलत होते आणि कुणीच माझ्याशी बोलत नव्हतं.

पण एकटं पडण्याबद्दल लिहायचं तर आधी तिचं लिहिलं पाहिजे. ती खोली तुम्ही पाहिली नसेल. भिंती हातभर जाड. मधोमध यंत्र, खाली अरुंद टेबल. तिला कुशीवर निजवायचे, डोक्याला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावायचे, कपाळावरून पट्टा बांधायचे. मग सगळे बाहेर. आई बाहेर, मी बाहेर, यंत्र चालवणारेही बाहेर. जड दार हळूहळू लागायचं. खट्ट असा आवाज व्हायचा आणि सुरू. दीड-दोन मिनिटं. पुन्हा खट्ट. जाड काचेच्या खिडकीतून ती दिसायची, पण तिला आम्ही दिसत नव्हतो, कारण तिचं तोंड भिंतीकडे असायचं. ज्या खोलीत थांबायला मोठी माणसं घाबरतात तिथे आठ वर्षांच्या मुलीने रोज एकटीने पडून राहायचं. दुसरा इलाज नव्हता हे मला कळतं. तरी लिहून ठेवते.

तिसऱ्या दिवशी ती बाहेर आल्यावर म्हणाली, “अक्का, आत वास येतो.”

“कसला?”

“नळाच्या पाण्याला येतो बघ, पावडर टाकल्यावर. तसा. खूप.”

यंत्र चालवणाऱ्यांना आम्ही अण्णा म्हणत होतो. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, फरशी फिनाइलने पुसतात, त्याचा असेल. बहीण त्यांना कन्नडमध्ये म्हणाली, “फिनाइलचा वास मला माहीत आहे अण्णा. हा यंत्र सुरू झाल्यावर येतो आणि बंद झाल्यावर जातो.” अण्णा हसले. “मग यंत्राने सकाळी दात घासले नसतील,” असं म्हणाले. तीसुद्धा हसली. तेव्हा अजून हसत होती.

पण वास रोज येऊ लागला. खट्ट झालं की ती नाकावर हात घ्यायला जायची, डोकं हलायचं, यंत्र बंद करावं लागायचं. पुन्हा आत जा, पुन्हा पिशव्या लावा, पुन्हा दार लावा. एकदा तीन वेळा थांबवावं लागलं. बाहेर बाकावर माणसं ताटकळत होती. डॉक्टर आले. ते वाईट नव्हते, दमलेले होते. ते मला इंग्रजीत म्हणाले, “या किरणांना वास नसतो. रंग नसतो, आवाज नसतो. आईला सांग, मुलीचे लाड कमी करा.”

मी आईला सांगितलं, “डॉक्टर म्हणतात, तिला जरा समजवा.” एवढंच सांगितलं. आई म्हणाली, “पण वास येत असेल तर?” त्याचं भाषांतर मी केलं नाही. डॉक्टर घाईत होते.

त्या संध्याकाळी हे सगळं वडिलांच्या कानावर गेलं आणि ते म्हणाले, “मीटरला विचारू.”

कोणत्या मीटरला, ते सांगायला हवं. वर्षभर वडील घरी एक पेटी तयार करत होते. कारखान्यातून मोडीत निघालेल्या सुट्या भागांची, लाकडी, चपलांच्या खोक्याएवढी. आत प्लॅटिनमची बारीक तार बॅटरीवर तापत ठेवलेली. हवेत काही वेगळं मिसळलं, ते तारेवर जळलं, की तार आणखी तापायची, वीज कमी-जास्त व्हायची आणि वर काचेखालचा काटा हलायचा. खाणीत गॅस शोधायला असं काहीतरी वापरतात म्हणे. वडिलांना त्याच्या पुढचं हवं होतं. त्यांचं म्हणणं, आज गॅस कळतो, उद्या नासलेलं दूध कळेल, परवा एखाद्याच्या श्वासावरून रोग कळेल. आम्ही पेटीला ‘नाक’ म्हणायचो. रॉकेलची बाटली उघडली की काटा टुणकन उडायचा. स्पिरिटला त्याहून जास्त. बहीण पेटीसमोर वेगवेगळ्या वस्तू धरायची आणि वडील वहीत आकडे लिहायचे. ते दोघांचं काम होतं. त्यात मला जागा नव्हती, आणि मला त्याचा थोडा राग होता. तोही लिहून ठेवते.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा होई. इकडे तिला आयुधपूजा म्हणतात आणि कारखान्यात ती फार मोठी असते. यंत्रांना केळीचे खुंट बांधतात. वडील घरातली सगळी उपकरणं पाटावर मांडायचे. नळी, थर्मामीटर, स्क्रू ड्रायव्हर, तारांना डाग देण्याची सळई. त्या वर्षी मध्यभागी नाक होतं. बहिणीने डोक्याला रुमाल बांधून त्याला हळदकुंकू लावलं. शेजारच्या अक्कांनी दोन हात मल्लिगेचा गजरा आणला होता, तो पेटीला गुंडाळला. मल्लिगे म्हणजे आपला मोगराच. त्या दिवशी हत्यारं वापरायची नाहीत. दुसऱ्या दिवशी दसरा, नव्याने सुरुवात करायची. वडिलांनी गजरा तसाच ठेवून पेटी सुरू केली.

काटा हलला नाही.

खोलीभर मोगऱ्याचा वास होता. शेजारच्या अक्का वाकून पेटीकडे बघत म्हणाल्या, “तुमच्या नाकाला नेगडी झालीय हो.” नेगडी म्हणजे सर्दी. सगळे हसलो. वडीलही हसले. म्हणाले, “मोगरा अजून शिकायचाय त्याने.” बहिणीने गजऱ्यातलं एक फूल काढून पेटीच्या जाळीला चिकटवलं आणि म्हणाली, “घे रे, नीट हुंग.” काटा शून्यावर. मोगरा खोटा आहे असं आमच्यापैकी कुणीही म्हटलं नाही. कुणाच्या मनातही आलं नाही.

हे गुरुवारी. मधे तीन दिवस गेले. आणि सोमवारी तीच पेटी घेऊन वडील इस्पितळात आले.

डॉक्टरांनी परवानगी दिली याचं मला आज आश्चर्य वाटतं. तेव्हा वाटलं नाही. वडील साहेब होते, टाय बांधून आले होते, इंग्रजी चांगलं बोलत होते. आई दहा दिवस जे विचारत होती ते कुणी धड ऐकून घेतलं नव्हतं. वडिलांचं पाच मिनिटांत ऐकलं. पेटी बहिणीच्या उशीजवळ ठेवली, तिच्या नाकापासून वीतभर. काटा बाहेर आम्हांला दिसावा म्हणून वडिलांनी लांब तार दाराच्या फटीतून बाहेर काढली आणि दुसरा मीटर खिडकीपाशी मांडला. मग तिच्याजवळ वाकून ते म्हणाले, “वास आला की बोट वर कर. गेला की खाली कर. डोकं नाही हलवायचं. जमेल?”

“हो.” तिला आनंद झाला होता. ते पुन्हा त्यांचं दोघांचं काम झालं होतं. “बाबा, तुम्ही वहीत लिहिणार ना?”

“लिहिणार.”

दार लागलं. खट्ट.

मी खिडकीशी उभी होते. तिचं बोट वर झालं. उजव्या हाताची तर्जनी, टेबलाच्या कडेवर, सरळ. डोकं तिने जराही हलवलं नाही. बोट पूर्ण वेळ वर होतं. पुन्हा खट्ट झालं आणि तिने ते खाली घेतलं.

डॉक्टर, अण्णा आणि वडील, तिघेही काट्याकडे बघत होते. काटा शून्यावर होता.

“बोट वर केलं होतं तिने,” मी म्हणाले.

“यंत्राचा आवाज ऐकून करते,” डॉक्टर म्हणाले. “हुशार आहे.” त्यांनी केसपेपर ओढला आणि उभ्या उभ्या लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं. इंग्रजीत होतं, त्याचा अर्थ असा : वासाची तक्रार काल्पनिक. मूल सहकार्य करत नाही. भिंतीवरच्या घड्याळात दहा वीस झाले होते.

तिला बाहेर आणलं. कपाळावर पट्ट्याचा वळ होता. ती वडिलांकडे बघत राहिली. वडील तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते, आणि तेव्हाही त्यांना वाटत होतं की आपण खरं तेच सांगतोय. हळू आवाजात म्हणाले, “बाळ, काटा हलला नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “अक्का, तू बघत होतीस ना?”

मी बघत होते. तिचं बोट बघणारी त्या खिडकीपाशी मी एकटीच होते. आणि मी म्हणाले, “काटा नाही ना हलला? मग?”

मग, एवढाच शब्द.

दुसऱ्या दिवसापासून ती दगडासारखी पडून राहू लागली. यंत्र थांबवावं लागलं नाही. अण्णांनी तिला लिमलेटच्या गोळ्या दिल्या. डॉक्टर आईला म्हणाले, मुलगी शहाणी झाली. ते मी अगदी शब्दशः आईला सांगितलं. आईने तिला जवळ घेऊन विचारलं, “वास येतो का गं अजून?” ती म्हणाली, “नाही.” उरलेले सगळे दिवस तिला तो वास येत असणार. ती तो एकटीने घेत होती.

लाइट संपली. केस आले, आधी कापसासारखे, मग दाट. ती शाळेत जाऊ लागली. एका रविवारी आम्ही बसने हेब्बाळच्या तळ्यावर गेलो, तिने पाण्यात दगड मारले, वडिलांनी मोजले. त्या यंत्राने आम्हांला ते वर्ष दिलं. यंत्राविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. कुणी माझ्या या लिहिण्याचा तसा वापर केला तर तो माणूस खोटारडा आहे.

पण ती नाकाच्या पेटीजवळ पुन्हा बसली नाही. वडील बोलवायचे, “चल, आज कांदा बघू.” ती म्हणायची, “तुम्हीच बघा बाबा.” काही दिवसांनी त्यांनी बोलावणं सोडलं. पेटी कपाटावर गेली. संध्याकाळी वडील व्हरांड्यात एकटे बसायचे, आई स्वयंपाकघरात, मी पुस्तक घेऊन, ती खिडकीत. घर लहान होतं. तरी हाक मारली तर ती दुसऱ्या घरात ऐकू जाईल असं वाटायचं.

पुढल्या वर्षी गणपतीच्या सुमाराला ती सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहू लागली. आई विचारायची, “डोकं दुखतंय का?” ती म्हणायची, “थर्मामीटर लावून बघ.” आई लावायची. पारा जागच्या जागी. “मग नाही दुखत,” असं म्हणून ती उठायची, भिंतीला हात लावत न्हाणीघरात जायची आणि दप्तर घ्यायची.

मला हे दिसत होतं. ती मोठी झाली, कुरकुर करत नाही, असं मला वाटलं. मी तिचं कौतुकही केलं.

दिवाळीनंतर शाळेतून चिठ्ठी आली. वर्गात फळ्यावरची अक्षरं तिला दोन-दोन दिसतात, असं बाईंनी लिहिलं होतं. ती बाईंना आपण होऊन हे म्हणाली नव्हती. बाईंनी वहीवरून ओळखलं होतं. डॉक्टर तेच होते. त्यांनी विचारलं, डोकं कधीपासून दुखतंय? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “गणपतीपासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“ताप नव्हता,” ती म्हणाली.

संक्रांतीच्या आधी ती गेली.

लवकर कळलं असतं तरी फारसा फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं. खरं असेल. मी त्यावर भांडत नाही. मी भांडते आहे ते अडीच महिन्यांसाठी. नऊ वर्षांची मुलगी अडीच महिने रोज सकाळी डोकं घट्ट धरून एकटी पडून राहिली, कारण आम्ही तिला शिकवलं होतं की आकडा नसेल तर दुखणं नसतं.

बाकीचं गेल्या पावसाळ्यात कळलं. आम्ही त्याच इस्पितळाच्या आवारात पत्रकं वाटत होतो. दुपारी ऊन निघालं म्हणून मी तळमजल्यावरच्या त्याच बाकावर बसले. शेजारी आनेकलकडची एक बाई होती, पन्नाशीची, डोक्यावर पदर, शेतातून उठून आल्यासारखी. लाइट घेऊन बाहेर आली होती आणि सुनेला कन्नडमध्ये सांगत होती, “आत ब्लीचिंगचा वास मारतो बाई. यंत्र बंद झालं की जातो.”

सून म्हणाली, “तुम्हांला सगळ्यालाच वास येतो अत्ते. घरी माझ्या सांबाराला पण येतो.”

“तुझ्या सांबाराला वास असता तर मी खाल्लं असतं की.”

सून हसली. मी हसू शकले नाही. मी त्या बाईला म्हटलं, अक्का, पुन्हा सांगा. तिने सांगितलं. मी विचारलं, डोक्यावरच लाइट घेता ना? हो म्हणाली. तिने माझ्या बहिणीचं नाव कधी ऐकलं नव्हतं. त्या आठवड्यात मी रोज जाऊन बाकावर बसले आणि डोक्यावर लाइट घेणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. सगळ्यांना येत नव्हता. काहींना येत होता. तोच वास, सुरू झाल्यावर, बंद होईपर्यंत.

मग अण्णांना गाठलं. ते आता निवृत्तीला आले आहेत. मी कोण ते त्यांनी ओळखलं. मी विचारलं तेव्हा टोपी काढून हातात धरली.

“म्हणतात काही जण,” ते म्हणाले. “आधीही म्हणायचे.”

“आधी म्हणजे? आमच्याही आधी?”

“एखाद-दोघे.”

“मग त्या दिवशी का बोलला नाहीत?”

“तुझे वडील इंजिनियर होते, अम्मा. डॉक्टर डॉक्टर होते. काटा शून्यावर होता. मी बटण दाबणारा माणूस. मी काय बोलणार?”

“कुठे लिहिलंत?”

“लिहायला रकाना नाही,” ते म्हणाले.

केसपेपर काढायला मी कारकुनाकडे गेले. मिळाला. ती दोन वाक्यं अजून आहेत, शाई थोडी तपकिरी झाली आहे. मी म्हटलं, हे खोडा आणि खाली खरं लिहा. तो म्हणाला, जुन्या कागदांत बदल होत नाही. मेलेल्यांच्या तर नाहीच.

घरी येऊन मी वडिलांना सांगितलं. संध्याकाळ होती, ते व्हरांड्यात होते. मी सगळं सांगितलं, रागाने सांगितलं, पत्रक वाचून दाखवावं तसं. ते उठून आत गेले. कपाटावरून पेटी काढली, तिच्यावरची धूळ पुसली. जाळीला काहीतरी सुकलेलं चिकटलं होतं, ते त्यांनी तसंच राहू दिलं. मग वही काढली. त्या सोमवारचं पान उघडलं. तिथे त्यांच्या अक्षरात वेळ, बॅटरीचा दाब, आणि पुढे : शून्य.

“मी खोलीला विचारलं,” ते म्हणाले. “वास खोलीत नव्हताच. किरण आत कुठेतरी लागत असतील, नाकाच्या मुळाशी, मेंदूत, मला माहीत नाही. तिथल्या तिथे वास उमटत असेल. खोलीला विचारून काय कळणार होतं?”

त्यांनी वहीतल्या शून्यावर बोट ठेवलं.

“त्या दिवशी तिथे एकच काटा हलला होता. यंत्र सुरू झाल्यावर वर, बंद झाल्यावर खाली. सेकंदाचाही फरक नाही. तिला म्हणालो होतो, लिहीन म्हणून.” त्यांनी पेन काढलं आणि शून्याच्या खाली लिहिलं : बोट वर, पूर्ण वेळ. पुढे आजची तारीख घातली, कारण मागची तारीख घालणं हे त्यांच्या शिस्तीत बसत नाही. नंतर वही मिटून माझ्याकडे दिली आणि व्हरांड्यात जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली नाही. ओढायला हवी होती. आमच्या घरात आता तिघं आहेत आणि तिघंही आपापल्या जागी.

वडिलांनी एका परदेशी मासिकातलं कात्रण मला दाखवलं आहे. तिकडे वास ओळखणारी विजेवरची यंत्रं करू पाहतायत. ते म्हणतात, पन्नास वर्षांत होईल, मोगराही कळेल. होऊ दे. मला आनंद आहे. पण ते यंत्र ज्या दिवशी इस्पितळात येईल त्या दिवशी त्याचा काटा बघायला पुन्हा चार शहाणी माणसं खिडकीशी उभी राहतील, आणि टेबलावर पुन्हा कुणाचं तरी आठ वर्षांचं मूल असेल.

त्याच्यासाठी हे लिहिलं. आणि तुमच्यासाठी, कारण तुमच्या घरातलं, शेजारचं, नात्यातलं एखादं मूल आज ना उद्या कुठल्यातरी डॉक्टरसमोर बसणार आहे. दुखतंय म्हणेल, वास येतो म्हणेल, उजेड दिसतो म्हणेल, तुम्हांला हसू येईल असं काहीतरी म्हणेल. तुम्ही शेजारी असाल. केसपेपर हातात मागून घ्या. मूल जे म्हणालं ते त्याच्याच शब्दांत त्यावर लिहायला लावा, डॉक्टर नाही म्हणाले तर स्वतःच्या हाताने लिहा, खाली आपली सही करा. रकाना नसेल तर कागद उलटा करून पाठीवर लिहा. ते लिहून होईपर्यंत खुर्चीवरून उठू नका.